लांबचा फेरा

१

विधानमंडळाची उपविधान समिती आमच्या भागात येणार हे कळलं त्या दिवसापासून माझी झोप उडाली होती आणि रक्तदाबाची अर्धी गोळी पूर्ण झाली होती. मी केंद्रप्रमुख. वरून आलेलं खालच्या शाळांना सांगायचं, खालून आलेलं वर पोचवायचं, आणि दोन्हीकडच्या शिव्या मधल्यामध्ये आपण खायच्या, असं हे पद आहे. 'पुंडलिकराव, तुमच्यावर सोपवलं' असं कोणी म्हटलं की मी खिशातली गोळीची पट्टी चाचपतो.

दसरा होऊन गेला होता, कोजागिरी यायची होती. सकाळी पिंपळटेकच्या नाल्याशी समितीच्या गाड्या थांबल्या. समितीप्रमुख उतरले. उंचपुरे, पांढऱ्या मिशांचे आमदार. त्यांनी धोतराचा कासोटा खोचला आणि म्हणाले, "चला. कागदावर फार चाललो, आता पायांनी चालू."

नाल्याच्या अलीकडे पिंपळटेक, पलीकडे लालमाती तांडा. तांड्यात चौथीपर्यंतची शाळा. खात्याने नवीन नियम काढला होता की, लहान शाळेच्या जवळच दुसरी शाळा असेल तर लहान शाळा बंद करून मुलं तिकडे पाठवायची. जवळ म्हणजे किती, ते सर्वांत जवळच्या वाटेने मोजायचं. आमचे विस्तार अधिकारी रजत साहेब यांनी ही वाट मोजली होती. नाल्यातून सरळ गेलं की तांड्याचं पोर खेळत खेळत पिंपळटेकच्या शाळेत पोचतं, असा त्यांचा अहवाल. तो इतका नेटका होता की खात्याने तो नमुना म्हणून समितीपुढे ठेवला. तांड्याच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लालीबाईने त्याविरुद्ध समितीला निवेदन पाठवलं, आणि म्हणून प्रमुख आज ती वाट चालून बघणार होते.

आम्ही उतारावरून खाली गेलो आणि थांबलो. नाला भरून वाहत होता. गढूळ पाणी, मोठ्या माणसाच्या मांड्यांपर्यंत येईल एवढं, आणि ओढ अशी की काठावरचं गवत आडवं पडलेलं.

"हीच ती वाट?" प्रमुखांनी विचारलं.

रजत साहेबांचा चेहरा उतरला होता. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "साहेब, काल संध्याकाळी मी स्वतः पाहिलं, इथे कोरडं होतं. वरच्या बंधाऱ्यात पाट्या टाकल्या आहेत. पाणी यायलाच नको."

एवढ्यात पिंपळटेकचे सरपंच बबनराव काठी टेकत, धापा टाकत आले. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांचं चालणं जेमतेम होतं. "साहेब, घात झाला! बंधाऱ्यात एक पाटी नाई राह्यली. रातच्याला कोनं तरी साऱ्या काढून नेल्या."

बंधारा नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. खांबांच्या खाचांत लोखंडी पाट्या उभ्या सरकवल्या की पाणी वर अडतं आणि खाली नाला कोरडा होतो. पाट्या काढल्या की नाला वाहतो. पाणी वाहिल्याने फायदा कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या नजरा पलीकडच्या तांड्याकडे गेल्या.

"एवढं लोखंड न्यायचं म्हणजे लपवणार कुठे?" रजत साहेब हळूच म्हणाले. "तांड्यात जाऊन बघायला हरकत नाही."

आम्ही गाड्यांत बसलो आणि पांढरकवड्याच्या रस्त्याला लागून, पुलावरून, वळसा घालून तांड्यावर पोचलो. शाळेच्या मागे, संडासाच्या भिंतीला लागून एक ताडपत्री होती. माझ्याच हाताने मी ती उचलली. खाली पाट्या होत्या.

२

प्रमुखांचा आवाज चढला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"समितीला फसवायचा प्रयत्न झाला," ते म्हणाले. "आम्ही इथे तांड्याचं ऐकायला आलो होतो. जे लोक आम्हाला दाखवायला नाला वाहवतात, त्यांचं निवेदन मी कसं पुढे नेऊ? दुपारच्या जेवणानंतर साक्षी आहेत. तोवर उलगडा झाला नाही, तर अहवालात लिहीन की तक्रारीत तथ्य आढळलं नाही."

लालीबाई शाळेच्या दारात उभी होती. तिच्या हातातला झारा तसाच राहिला. ते अहवालातलं एक वाक्य म्हणजे दिवाळीनंतर शाळेला कुलूप, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तेव्हा समितीच्या कक्ष अधिकारी पुढे झाल्या. निशिगंधा मॅडम. चाळिशीच्या आत-बाहेर, सुती साडी, पायात चालायचे बूट. नोकरी मुंबईला, पण माहेर राळेगावचं. "सर, जेवणापर्यंतचा वेळ मला द्या," त्या म्हणाल्या. प्रमुखांनी मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पुंडलिकराव, तुम्ही माझ्यासोबत या."

मी खिशातली पट्टी चाचपली.

"मॅडम, हे पोलिसांचं काम नाही का?" मी चालता चालता विचारलं.

"पोलीस चोर शोधतील. मला वेगळं शोधायचं आहे. कायदा सभागृह करतं, नियम खातं करतं. कायद्याने मुलाला जे दिलं ते नियमाने काढून घेतलं का, एवढंच आमची समिती बघते. कायदा म्हणतो, मुलाला सुखरूप चालत जाता येईल अशी शाळा हवी. नियमात सुखरूप हा शब्दच नाही, नुसतं अंतर आहे. म्हणून मला हे कळायला हवं की या नाल्यात पाणी असतं की कोणी आणलं."

त्या पाट्यांपाशी उकिडव्या बसल्या. एकेका पाटीवरून हात फिरवला. तळहात तपकिरी धुळीने भरला. दोन पाट्यांच्या कडेला मातीचा वाळलेला गोळा चिकटलेला होता, अर्धा हिच्यावर, अर्धा तिच्यावर. मधून तुटलेला. त्यात बारीक बारीक घरं होती.

"हे काय आहे?"

"कुंभारणीचं घर," मी म्हणालो. "गांधीलमाशीसारखी असते ना, ती. आमच्या कपाटामागेही करते."

"हं," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील. पण त्या वर्गात गेल्या.

वर्गात समितीसाठी बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या कव्हरांच्या. पहिल्या रांगेतल्या कव्हरांवर तांबूस पट्टे उठले होते. माझा जीव वरखाली झाला. "बघा, पैसे मोजून खुर्च्या आणा आणि त्या अशा! आमदार बसायचे यांच्यावर! काल टेम्पो आधी पिंपळटेकच्या शाळेत थोड्या खुर्च्या उतरवून इथे आला, तोही इतका उशिरा की मला बदलूनही घेता आल्या नाहीत."

"टेम्पो कोणी आणला?"

"रजत साहेबांनी. ते म्हणाले, तुम्ही विश्रामगृहाचं बघा, खुर्च्यांचं मी बघतो. फार धावपळ करतात हो बिचारे."

३

तांड्याचे नायक शंकरसिंग निंबाखाली बाजेवर बसले होते. पांढरा फेटा, कानात सोन्याची बाळी. तांड्यातला शब्द यांचा. आम्ही गेलो तसे ते उठून उभे राहिले, बाज आमच्यासाठी झटकली आणि स्वतः जमिनीवर बसले. मॅडमही जमिनीवर बसल्या. मग मलाही बसावं लागलं, आणि माझी पाठ बोलू लागली.

"राम राम, नायक," मॅडम म्हणाल्या. "पाट्या कोणी आणल्या?"

"बाई, मी म्हनीन की तांड्यानं नाई आनल्या, तं तुमी म्हनान की नायक तांड्याचीच बाजू घेईन. मंग मी बोलून फायदा काय?"

"तरी बोला."

"नाला कालबी वाहून राह्यलता, परवाबी. पावसाळ्यात वाहते, मंग पार दिवाळीलोक वाहते. तो वाहवाले आमाले कायले पाट्या काढा लागते?"

मी खाकरलो. "रजत साहेबांनी काल संध्याकाळी कोरडा पाहिला म्हणे."

"कुठून पाह्यला जी?" नायक हसले, पण डोळे हसले नाहीत. "साहेब काल संध्याकाळी आमच्याच इथं होते. खुर्च्या उतरवून राह्यले होते. सुनेनं च्या देल्ला त्यायले."

लालीबाई ही त्यांची सून. ती आमच्यामागे येऊन उभी होती. पदर कमरेला खोचलेला. "दोन कप देल्ला," ती म्हणाली. "मी म्हनलं, साहेब, उद्या सांगजा हो समितीले, आमची लेकरं लय लहान हायेत. ते म्हनले, काळजी नोको करू लालीबाई, उद्या सारं दिसते समितीले." तिने खोचलेला पदर पुन्हा आवळला. "माह्या पोट्टीनं पह्यलीत याच सालात नाव घातलं. घरी आली की मले 'याडी, याडी', म्हंजे माय माय, करत अक्षरं काढून दाखोते. या शाळेले कुलूप लागलं तं तिले त्या पान्यातून धाडू का मी? नाई धाडनार. घरी बसन ते. माह्यासारखी."

मॅडमनी वळून शाळेकडे पाहिलं. मग विचारलं, "टेम्पोत खुर्च्यांशिवाय काही होतं?"

"कोन पाह्यते बाई? साहेबाचा टेम्पो होता."

शाळेच्या वर्षा मॅडम ओसरीवर पोरांना पंगतीला बसवत होत्या. पांढरकवड्याहून रोज स्कूटीने येणाऱ्या. माझा संशय, खरं सांगतो, त्यांच्यावरच जास्त होता, कारण त्यांनी बदलीचा अर्ज दिलेला. मी तसं सूचकपणे बोलून गेलो. त्यांनी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं.

"सर, शाळा बंद झाली तर माझी बदली आपोआपच होते. मग मी पाट्या कशाला चोरू? नाला दाखवून शाळा वाचली तर माझं इथलं रोजचं येणं-जाणं चालूच राहणार ना?"

निशिगंधा मॅडम हसल्या. "पुंडलिकराव, तुमचा संशय उलट्या पायांचा आहे."

"मग चोर कोण?"

"चोरी झाली आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

४

गाडीत बसून आम्ही पुन्हा वळसा घालून पिंपळटेकला गेलो. रस्त्यावर दोन्ही कडांना सोयाबीन वाळत घातलेलं. चालक वैतागून हळू चालवत होता. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. जेवणं आटपत आली असतील. मॅडम मात्र खिडकीबाहेर सोयाबीन बघत बसल्या होत्या.

बबनराव ओट्यावर गुडघ्याला तेल चोळून घेत होते.

"पाट्या कधी टाकल्या, बबनराव?" मॅडमनी विचारलं.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी. रजत साहेब म्हनले, समिती येऊन राह्यली, वाट कोरडी दिसली पायजे. तं मी उकंडाले सांगतलं की टाक पाट्या. तो म्हनला, टाकल्या."

"तुम्ही पाहिल्या?"

"मी कुठं पाहून राह्यलो? हा गुडघा बंधाऱ्यालोक जाऊ देते का मले? आज पानी चढलं म्हनून पोरानं गाडीवर नेऊन दाखोलं. पाह्यतो तं सारं खाली!" त्यांचा राग खरा वाटत होता. "तांड्याशी माहं वैर नाई. पन माह्या गावच्या शाळेले आठवा वर्ग पायजे असन तं पोट्टे वाढले पायजे. हेबी खरं."

"इतर वेळी पाट्या कुठे असतात?"

"आमच्याच शाळेच्या जुन्या खोलीत. चावी मास्तरापाशी, नाई तं साहेब लोकायपाशी."

उकंडा म्हणजे बंधारा सांभाळणारा माणूस. त्याचं घर गावाच्या टोकाला. तो दिसला नाही, पण त्याची बायको तुळसाबाई अंगणात शेण सारवत होती. मॅडम दारातून आत डोकावल्या आणि तिथेच थबकल्या.

ओसरीच्या कोनाड्यात ज्वारीच्या धांड्यांचा मखर होता. मखरात मातीचा भुलोजी आणि भुलाबाई, मांडीवर गणपती. समोर झेंडूची शिळी फुलं. पोरी रोज संध्याकाळी जमून गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ ओळखतात, त्या भुलाबाई. डबा हलवून, वाजवून, आत काय ते सांगायचं.

"तुमच्या भुलाबाई अजून बसलेल्याच?" मॅडमचा आवाज एकदम राळेगावचा झाला. "मी लहानपनी खाऊ ओळखाले पह्यली रायची."

तुळसाबाईने हात पुसले. "कोजागिरीले उठतीन ना बाई. साऱ्या गावाच्या एकाच दिवशी नेतो, नाचत-गात."

"शिरवता, विसर्जन करता कुठं?"

"नाल्यात. अजून कुठं?"

"अन् नाल्यात पानी नसन तं?"

तुळसाबाईने अशा नजरेने पाहिलं, जणू मॅडमना चूल कशी पेटवतात तेही माहीत नाही. "काहून नसन? भुलाबाई गेल्याबिगर पाट्या टाकतच नाई आमच्यात. वाहत्या पान्यातच जाते ते. साचल्या पान्यात शिरवली तं सासरी कशी जाईन?"

"पण सरपंचांनी उकंडाभाऊंना टाकायला सांगितल्या होत्या."

तिचा हात पदराशी गेला. आतल्या खोलीतून कोणीतरी खोकललं. उकंडा बाहेर आला, मान खाली घालून.

"मी म्हनलं हिले, सरपंचाचा हुकूम हाये. हे म्हने, पाट्या टाकशीन तं घरात येऊ नोको. साऱ्या गल्लीतल्या बाया उठल्या माह्यावर." तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "मंग मी बबनरावले म्हनलं, टाकल्या. कोजागिरीले टाकल्याच असत्या ना जी. इतकंच खोटं बोललो. पन आज खोलीत जाऊन पाह्यलं तं पाट्या गायब! आता म्हनीन की टाकल्याच नोत्या, तं चोर मीच होतो."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पाट्या बंधाऱ्यात नव्हत्याच. मग रजत साहेबांनी काल संध्याकाळी कोरडा नाला पाहिला तो कुठला?

"पुंडलिकराव," मॅडम म्हणाल्या, "काल टेम्पोला उशीर झाला तेव्हा तुम्ही साहेबांना फोन केला होता का?"

केला होता. आणि ते काय म्हणाले होते, तेही मला आठवलं. आठवलं तेव्हा वाटलं, नसतं आठवलं तर बरं झालं असतं. रजत साहेब माझे वरिष्ठ. माझा गोपनीय अहवाल त्यांच्या टेबलावरून जातो.

"ते काय म्हणाले, ते तुम्ही समितीपुढे सांगाल का?" मॅडमनी विचारलं. "मी समितीत बोलू शकत नाही. तिथे प्रश्न सदस्य विचारतात आणि उत्तरं साक्षीदार देतात. मी फक्त प्रमुखांच्या कानाला लागू शकते."

परतीच्या वळशात मी पूर्ण वेळ गोळीची पट्टी शोधत राहिलो.

५

साक्ष तांड्याच्या शाळेतच झाली. प्रमुखांच्या खुर्चीच्या कव्हरावर तांबूस पट्टा होता. त्यांच्या दोन्ही बाजूंना सदस्य, कोपऱ्यात शब्दन् शब्द टिपणारे प्रतिवेदक. दारात आणि खिडक्यांत अख्खा तांडा. मॅडम बराच वेळ प्रमुखांच्या कानाशी बोलल्या. मग प्रमुखांनी चष्मा पुसला.

पहिल्यांदा त्यांनी दोन पाट्या आत आणवल्या आणि त्यांच्या कडा जुळवायला सांगितल्या. कुंभारणीच्या घराचे दोन तुकडे एकमेकांत चपखल बसले.

"सरपंच, या पाट्या पाण्यात उभ्या होत्या म्हणता. पाण्यात हे मातीचं घर टिकेल?"

बबनराव पुढे वाकून बघत राहिले. "नाई टिकनार, साहेब. विरघळन." त्यांनी मान वळवली. "उकंडा?"

उकंडाने हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. भुलाबाईचं सांगितलं तेव्हा खिडकीतल्या बायका हसल्या. बबनराव हसले नाहीत, पण बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"म्हणजे पाट्या बंधाऱ्यात कधी गेल्याच नाहीत," प्रमुख म्हणाले. "पावसाळ्यापासून त्या पिंपळटेकच्या शाळेतल्या खोलीत एकमेकींना टेकून होत्या. आणि आज सकाळी इथे सापडल्या. मधल्या काळात पिंपळटेकच्या शाळेतून तांड्याच्या शाळेत काय आलं? रजतराव, सांगा."

रजत साहेब उभे राहिले. "खुर्च्या आल्या, साहेब. पण रात्री कोणीही..."

"रात्री इथे कोणी लोखंड ओढलं असतं तर साऱ्या तांड्याची कुत्री उठली असती. संध्याकाळी तुमचा टेम्पो आला तेव्हा मात्र लोकांनी चहा दिला. खुर्च्या आधी पिंपळटेकच्या शाळेत उतरवायच्या होत्या, उरलेल्या इथे. तिथेच जुनी खोली आहे. पाट्यांवर ठेवलेल्या खुर्च्यांना गंज लागला. मी आत्ता त्याच्यावर बसलो आहे."

"खुर्च्या जुन्या असतील, साहेब."

प्रमुख माझ्याकडे वळले. "केंद्रप्रमुख, काल संध्याकाळी तुमचं यांच्याशी फोनवर बोलणं झालं?"

मी उभा राहिलो. एका बाजूला रजत साहेब माझ्याकडे बघत होते, दुसऱ्या बाजूला दारात लालीबाई. तिच्या पायांना बिलगून एक एवढीशी पोर, रिबिनी सुटलेली, हातात लिहायची पाटी. मला त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला घरी जायचं आहे.

"झालं, साहेब," मी म्हणालो. "मी विचारलं, टेम्पोला एवढा उशीर का. पिंपळटेकहून तांडा तर समोरच आहे. ते म्हणाले..." मी रजत साहेबांवरून नजर काढली. "म्हणाले, 'नाल्यातून कुठे येतो टेम्पो, सर? पाणी आहे. लांबचा फेरा घ्यावा लागतो.'"

प्रतिवेदकाची लेखणी चालू होती.

"काल संध्याकाळी कोरडा पाहिलेल्या नाल्यात काल संध्याकाळीच पाणी होतं," प्रमुख सावकाश म्हणाले. "रजतराव, बिछायतवाल्याच्या चालकाला बोलावू, की तुम्ही सांगता?"

रजत साहेब खाली बसले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. "चालकाला काही माहीत नाही. मी सांगितलं, मंचाखाली टाकायच्या पाट्या आहेत." मग त्यांचा आवाज फाटला. "साहेब, मी खोटं मोजलं नव्हतं. वैशाखात मोजलं. तेव्हा नाल्यात धूळ होती, मी मोटारसायकलने पार झालो. नियमात कुठे लिहिलंय की पावसाळ्यात मोजा? अहवाल वर गेला, तिथून मुंबईला गेला, नमुना म्हणून छापला गेला. मग समिती इथेच येणार म्हणून कळलं. काल येऊन पाहतो तर पाट्या खोलीत आणि नाला भरलेला. रात्रीत तो कोरडा कसा करू? एकच सुचलं, की पाणी दुसऱ्याने आणलं असं दिसावं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला पण. पण त्यांची ती फाटकी भीती मी ओळखत होतो. माझ्या घरात तिच्या गोळ्यांची वेगळी डबी आहे, दुधाच्या पातेल्यामागे ठेवतो.

शंकरसिंग नायक दारातूनच बोलले. "साहेब, तुमी आमच्या घरचा च्या पेऊन आमाले चोर केलं." एवढंच बोलले आणि पाठ फिरवून बाजेकडे गेले. रजत साहेबांनी तोंड ओंजळीत झाकलं.

६

"त्यांचं काय करायचं ते त्यांचं खातं बघेल," प्रमुख म्हणाले. "आमचं काम नियमाचं आहे. ज्या नियमात ऋतू नाही, नाला नाही, मूल नाही, तो कायद्यात कसा बसतो हे आम्ही सचिवांना विचारू. पण समिती शिफारस करते, हुकूम सोडत नाही. हे तुम्हाला खरं सांगितलं पाहिजे."

लालीबाई पुढे आली. "म्हंजे शाळा राहीन का नाई, साहेब?"

"सभागृहात अहवाल जाईपर्यंत कुलूप लावू नका, असं आजच पत्र देतो. पुढचं..." त्यांनी वाक्य सोडलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. "पुढचं लिहिण्याआधी मला ती वाट चालायची आहे. नाल्यातली नाही, पुलावरची, आता उरलेली."

गाड्या मागे ठेवून आम्ही निघालो. प्रमुख, दोन सदस्य, निशिगंधा मॅडम, मी आणि लालीबाई. तिच्या बोटाला ती पोर. ऊन आश्विनातलं, टाळू भाजणारं. आधी तांड्याची गाडवाट, मग फाटा, मग डांबरी. बाजूने कपाशी फुटलेली, ट्रक शेजारून जाताना तिच्यावर धुरळा उडे. एकदा ट्रक इतका जवळून गेला की लालीबाईने पोरीला उचलून बांधावर नेलं. प्रमुखांनी ते पाहिलं. पुलाच्या अलीकडे त्यांची चाल मंदावली, पुलावर त्यांनी कठड्याला हात टेकला. पिंपळटेकची शाळा अजून दिसतही नव्हती. पोर केव्हाची आईच्या कडेवर गेली होती आणि तिची पाटी आता माझ्या हातात होती.

"बाई," प्रमुखांनी धापा टाकत लालीबाईला विचारलं, "अजून किती आहे?"

लालीबाईने कडेवरची पोर दुसऱ्या बाजूला घेतली आणि सूर्याकडे बघितलं.

"आता कायले घाई करता, साहेब?" ती म्हणाली. "शाळा सुटली असन."

प्रमुख कठड्यावर बसले. खाली नाला वाहत होता. निशिगंधा मॅडमनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी पोरीला पाजली आणि मग त्यांच्याकडे दिली.